एनसीसी लीडरशिप कॅम्पला निघालेल्यांचे (आणि त्यांच्या घरच्यांचे) नेहमीचे प्रश्न

कॅम्पची यादी नोटीस बोर्डावर लागली की त्याच संध्याकाळपासून माझा फोन सुरू होतो. मी तालुक्याच्या एका कॉलेजात शिकवतो आणि तिथल्या एनसीसीचा (राष्ट्रीय छात्र सेनेचा) एएनओ, म्हणजे ती सांभाळणारा शिक्षक-अधिकारी आहे. त्याआधी तीन वर्षं स्वतः कॅडेट होतो. दरवर्षी तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. माझं लिहिणं आणि युनिटचा, म्हणजे आमच्या बटालियनचा, आदेश यांत फरक दिसला, तर युनिटचा आदेश खरा.

वार्षिक कॅम्प केलाय. मग लीडरशिप कॅम्पमध्ये वेगळं काय?

वार्षिक कॅम्पमध्ये, म्हणजे सीएटीसीमध्ये, पाचशे-सहाशे पोरं असतात. दहा दिवस ड्रिल, फायरिंग, मॅप रीडिंग, सांस्कृतिक कार्यक्रम असं सगळं थोडं थोडं होतं. तिथे तुम्ही गर्दीतले एक असता आणि मनात आणलं तर मागच्या रांगेत उभं राहून दहा दिवस काढताही येतात. (काढलेत काहींनी. कोणी ते मला माहीत आहे.)

लीडरशिप कॅम्प अखिल भारतीय असतो. देशातल्या वेगवेगळ्या डायरेक्टोरेटमधून, म्हणजे एनसीसीच्या राज्यवार विभागांतून, निवडक कॅडेट येतात. दिवस साधारण तितकेच, पण संख्या कमी आणि नजर जास्त. सगळा भर तुम्ही गटात कसे वागता, कसं बोलता आणि कसा निर्णय घेता यावर. सैन्यात अधिकारी निवडताना एसएसबीत (निवड मंडळापुढे) ज्या चाचण्या घेतात, त्यांची ओळख इथे करून देतात.

निवड कशी होते? सरांच्या मर्जीवर?

काही अंशी हो. पहिलं नाव मीच पाठवतो, ते नाकारून उपयोग नाही. देशात एनसीसीची १७ डायरेक्टोरेट आहेत आणि प्रत्येकाला जागा ठरवून दिलेल्या असतात. त्या खाली ग्रुपकडे, ग्रुपकडून बटालियनकडे येतात. आमच्यासारख्या कॉलेजच्या वाट्याला एखादी आली तरी नशीब. मी बघतो हजेरी, फिटनेस आणि रविवारी सकाळी परेड संपल्यावर दोर-रायफली आवरायला कोण थांबतं ते. यातली शेवटची गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नसते.

गोव्याच्या वाचकांसाठी: तुमचे कॅडेट कर्नाटक-गोवा डायरेक्टोरेटमध्ये येतात, महाराष्ट्रात नाही. त्यामुळे जागांचा हिशेब वेगळा.

“सर, तिकडं गेला म्हणजे पुढं मिल्ट्रीत जावंच लागतं का?” (एका आईचा प्रश्न)

नाही, ताई. एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली, आणि कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कुठलंही बंधन नाही. माझे जुने कॅडेट आज तलाठी आहेत, नर्स आहेत, एकाचं टायरचं दुकान आहे. जायचं असेल तर वाट सोपी होते, एवढंच.

खर्च किती येतो?

कॅम्पला फी नाही. राहणं-जेवण सरकारी. प्रवासाचं कसं करायचं ते युनिट सांगतं. कॅम्पच्या नावाखाली कुणी जास्तीचे पैसे मागत असेल तर आधी मला फोन करा, मग खिशात हात घाला. वरखर्चाला पाचशे-हजार रुपये पुरतात. त्यातले निम्मे परतीच्या स्टेशनवर वडापाववर जातातच.

तिथे नेमकं काय करून घेतात?

सकाळी पीटी, मग ड्रिल. ते तुम्हाला सवयीचं आहे. नवं असतं ते पुढचं.

एक चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. शब्दांची चाचणी असते: पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं, की पुढचा शब्द. एसएसबीत असे साठ शब्द असतात, कॅम्पमध्ये सरावापुरते घेतात. आपल्या पोरांची गाडी इथे अडते, कारण वाक्य मनात मराठीत तयार होतं, मग त्याचं इंग्रजी करायचं, तोवर शब्द गेलेला असतो. उपाय एकच, घरी रोज वीस शब्द घेऊन घड्याळ लावून लिहायचे. सुविचार लिहू नका. ‘पाणी’ शब्द आला की नव्वद जण ‘पाणी हेच जीवन’ लिहितात. तुम्ही पाण्याचं काय करता ते लिहा.

दुपारनंतर मैदानावरची कामं. फळी, बल्ली, दोर आणि एक जड ओझं देतात. समोर खांब, पिंपं, लाकडी चौकटी. या रेषेपासून त्या रेषेपर्यंत अख्ख्या गटाने ओझ्यासकट जायचं, जमिनीला पाय लावायचा नाही. लाल रंगाच्या भागाला हातही लावायचा नाही, पांढऱ्यावर सगळं चालतं. चार फुटांपेक्षा मोठी फट उडी मारून ओलांडायची नाही, तिथे फळीच टाकायची. पहिली दोन मिनिटं आठ जण एकदम बोलतात. मग दोघं-तिघं फळीच्या नादात पडतात, बाकीचे सल्ले देत राहतात.

मागे एकदा मी अशा कामाजवळ बघत उभा होतो. एक काटकुळा मुलगा पहिल्यापासून फळीचं मागचं टोक दोन्ही हातांनी दाबून बसला होता. त्याने कल्पना एकही सुचवली नाही, पण तो उठला असता तर पुढचे तिघे पालथे पडले असते. मधेच त्याने एवढंच विचारलं, “ओझं आधी जाऊ दे का?” सगळे थांबले, कारण ओझं मागेच राहिलं होतं. काम संपल्यावर तपासणाऱ्या साहेबांच्या वहीत सगळ्यांत मोठी नोंद त्याची होती. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण पेन बराच वेळ चाललं.

याशिवाय गटचर्चा आणि लेक्चरेट. लेक्चरेटला चिठ्ठीवरच्या चार विषयांतला एक निवडायचा, तीन मिनिटं विचार, तीन मिनिटं भाषण. सगळ्यांत भारदस्त विषय घेऊ नका. ‘भारताचं परराष्ट्र धोरण’ घेऊन दीड मिनिटात गप्प झालेले खूप पाहिलेत.

माझं सगळं शिक्षण मराठीतून. हिंदी-इंग्रजी कच्चं आहे. हसतील का?

पहिल्या दिवशी हसतील. तुम्हीही तमिळनाडूच्या आणि मणिपूरच्या कॅडेटच्या हिंदीला हसालच. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची मिळून एकच खिचडी हिंदी तयार होते आणि प्रश्न मिटतो. ड्रिलचे हुकूम हिंदीतच असतात आणि ते तुम्हाला पाठ आहेत: सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. राहिलं ते बोलणं.

आमच्या एका मुलीने लेक्चरेटला ‘पाणीटंचाई’ घेतला. गाव दुष्काळी पट्ट्यातलं. हिंदी अशी की ‘टँकर आती है’ आणि ‘पानी भरती है’ एकाच दमात. पण टँकर आल्यावर पाइप विहिरीत सोडतात तेव्हा पहिला हंडा कुणाचा, दोर किती हात लागतो, रात्री दोन वाजता नंबर लावायला घरातलं कोण जातं, हे ती सांगत गेली. तीन मिनिटांची शिट्टी झाली तरी कुणी तिला थांबवलं नाही. व्याकरण सुधारायला वेळ लागतो. सांगण्यासारखं मात्र प्रत्येकाकडे आधीच असतं.

जायच्या आधी महिनाभर मैत्रिणीशी, भावाशी, गोठ्यातल्या म्हशीशी का होईना, रोज दहा मिनिटं हिंदीत बोला. इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचा. पुरे.

कमांड देताना माझा आवाज चिरकतो.

कारण तुम्ही घशातून ओरडता. आवाज बेंबीच्या देठापासून यायला हवा. हुकुमाचे दोन भाग असतात. पहिला लांबवून बोलायचा, म्हणजे समोरच्याला तयारी करता येते. मग क्षणभर थांबून दुसरा तोडून टाकायचा: ‘पीछेऽऽ... मुड!’ नवखे मधला थांबा खातात आणि अर्धी रांग फिरते, अर्धी तशीच राहते. रोज शेताच्या बांधावर उभं राहून समोरच्या बांधाला हुकूम द्या. शेजारी वेड्यात काढतील, काढू द्या. तिसऱ्या दिवशी घसा बसतोच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा आणि थंड सरबताच्या नादी लागू नका.

मला सेक्शन लीडर केलं आणि पोरांनी ऐकलंच नाही तर?

ऐकणार नाहीतच, निदान पहिले दोन दिवस. तेही आपापल्या कॉलेजातले सिनिअर, फीत लावून आलेले. तिथे सगळेच अंडर ऑफिसर.

माझंच सांगतो. कॅडेट असताना रात्रीच्या कूचमध्ये सेक्शन माझ्याकडे होता. नकाशा, होकायंत्र, दहा जण आणि अंधार. बेअरिंग (जायच्या दिशेचा कोन) मी स्वतः घेतलं, कुणाच्या हातात होकायंत्र द्यायला जीव होत नव्हता. आकडे दिसावेत म्हणून दुसऱ्या हातातली लोखंडी नळीची बॅटरी होकायंत्राला अगदी खेटून धरली. लोखंड जवळ आलं की सुई सरकते हे वर्गात शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं. निघालो. पंधरा-वीस मिनिटांनी मागून चंदगडकडचा एक पोरगा म्हणाला, “कालवा डाव्या हाताला यायला पाहिजे होता, पाण्याचा आवाज उजवीकडून येतोय.” मी म्हटलं, “गप चल.” तो गप चालला. अजून अर्ध्या तासाने आम्ही डोक्याएवढ्या उसात होतो. पाचटाने गाल चिरलेले, आणि कुत्री भुंकायला लागलेली.

परतल्यावर सुभेदार साहेब ओरडले नाहीत. चहा पाजला आणि विचारलं, “तुझ्या सेक्शनमध्ये हे आधी कुणाला कळलं होतं?” मी त्या पोराकडे बोट दाखवलं. “मग त्याचं नाव काय?” मला ते माहीत नव्हतं. पाच दिवस एकाच तंबूत झोपत होतो.

तेव्हापासून कॅम्पला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गृहपाठ देतो: पहिल्या रात्री झोपायच्या आधी सेक्शनमधल्या सगळ्यांची नावं, गावं आणि कुणाला काय येतं ते डायरीत लिहायचं. कुणाला पोहता येतं, कोण गाठी चांगल्या मारतो, कुणाला रात्री कमी दिसतं. पोरं तुमचं ऐकायला लागतात ती बहुतेक तिसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही त्यांना नावाने हाक मारल्यावर.

मुलीला पाठवायचं म्हणजे... सोय नीट असते ना?

मुलींची राहण्याची जागा वेगळी असते. सोबत महिला अधिकारी किंवा जीसीआय (मुलींच्या प्रशिक्षक) असतात आणि रात्री पहारा असतो. दादा, तुमची काळजी समजते, पण ‘मुलगी आहे म्हणून अर्धंच करू दे’ असं कृपा करून सांगू नका. फळी तिलाही उचलायची आहे.

मुलींसाठी: पाळीच्या दिवसांत पीटी किंवा अडथळ्यांतून सूट हवी असेल तर सकाळीच मॅडमना सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पॅड घरूनच जास्त न्या, कॅम्पच्या कॅन्टीनचा भरवसा धरू नका. केसांना जाळी आणि काळ्या पिना डझनभर. अंबाडा बेरेच्या (युनिफॉर्मच्या टोपीच्या) खाली नीट बसेल असा बांधायचा सराव घरी करा. पहाटे साडेचारला अंधारात आरसा मिळत नाही.

बॅगेत काय भरू?

यादी युनिट देतं. यादीत नसलेलं सांगतो.

बूट. नवे बूट घालून कॅम्पला जाणाऱ्याचं तिसऱ्या दिवशी काय होतं ते मेडिकल रूमच्या बाहेरची रांग बघून कळतं. निदान पंधरा दिवस आधीपासून रोज तासभर घाला, आतून टाचेला खोबरेल लावा. सुती मोज्यांचे चार जोड तरी हवेत. टाच लाल दिसली की फोड यायची वाट न बघता चिकटपट्टी लावा. युनिफॉर्म दोन असतील तर उत्तम. एकच असेल तर रात्री धुऊन उशाखाली इस्त्री करायची कला शिकून घ्या. बेरे डोक्यावर नीट बसवून न्या, तिच्यावरचा लाल हॅकल (पिसांचा तुरा) कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. पॉलिश, ब्रश, ब्रासो, सुईदोरा, खाकी बटणं. कुलूप, आणि त्याची दुसरी किल्ली मित्राकडे. स्टीलचं ताट आणि पेला, दोन्हींवर नाव कोरून. डझनभर आधार कार्डाच्या झेरॉक्स नकोत, दोन पुरेत.

लाडू-चिवडा न्या, पण पाच किलो नको. पहिल्याच रात्री तो सगळ्या तंबूचा होतो, आणि तसाच व्हायला हवा.

जेवण कसं असतं? माझी चतुर्थी असते.

डाळ, भात, पोळी, भाजी. पोट भरतं, आईच्या हातची चव शोधू नका. उत्तरेत कॅम्प असेल तर राजमा आणि छोले आठवड्यातून बऱ्याचदा. शाकाहारींची सोय असते. उपवास करायचा तर करा, पण पहाटेपासून मैदानावर पळायचं आहे हे लक्षात घ्या. निर्जळी अजिबात नको. खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू जवळ ठेवा आणि सेक्शनच्या स्टाफला आधी सांगा. न सांगता उपाशी राहून भोवळ येऊन पडलेल्याला कुणी धार्मिक म्हणत नाही.

मोबाइल नेता येतो का?

कॅम्पप्रमाणे नियम बदलतात. बहुतेक ठिकाणी जमा करून घेतात आणि ठरलेल्या वेळी देतात. घरच्यांनी दोन दिवस फोन आला नाही म्हणून घाबरायचं नाही. पोरांनी पोहोचल्याचा फोन मात्र करायचाच.

आजारी पडलो तर परत पाठवतील या भीतीने सांगायचं नाही असं सिनिअर म्हणतात.

ते सिनिअर चुकीचं सांगतात. ताप, जुलाब, पाय मुरगळणं, जुना दमा, सगळं सांगायचं. मेडिकल फिटनेसचं प्रमाणपत्र नेण्याआधी डॉक्टरांना खरं सांगा. रोजची गोळी असेल तर पूर्ण दिवसांची आणि वर चार दिवसांची जास्त न्या.

रगडा खूप लागतो का?

उशिरा आलात, बूट मळके असले, रांगेत बोललात तर लागतो. फ्रंट रोल, मैदानाची चक्कर, सगळ्या तंबूला एकाच्या चुकीची शिक्षा. हा शेवटचा प्रकार पोरांना अन्याय वाटतो. मलाही कधी कधी वाटतो. पण शिस्त वेगळी आणि मारहाण किंवा अपमान वेगळा. कुणी हात उचलला, कुणाच्या जातीवरून, भाषेवरून किंवा शरीरावरून बोललं, तर तो रगडा नव्हे. अधिकाऱ्याला सांगा, नसेल जमत तर मला सांगा. मी फोन उचलतो.

कॉलेजची हजेरी बुडेल. परीक्षा आली तर?

कॅम्पचे दिवस हजेरीत धरण्यासाठी पत्र मिळतं, ते विभागप्रमुखांकडे स्वतः नेऊन द्या. टेबलावर ठेवून पळू नका. विद्यापीठाची परीक्षा मधे येत असेल तर कॅम्प सोडा, मी दुसरं नाव पाठवतो. आणि हे यादी लागल्याच्या दिवशी सांगा, गाडीत बसायच्या आदल्या रात्री नाही. दर दोन-तीन वर्षांनी एक जागा अशीच वाया जाते आणि मागच्या मुलाला कळतही नाही की ती त्याची होती.

पुढे उपयोग काय? ‘सी’ सर्टिफिकेटला धरतात का?

‘सी’ म्हणजे एनसीसीचं सगळ्यांत वरचं प्रमाणपत्र. त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी लागणाऱ्या कॅम्पमध्ये केंद्रीय पातळीवरचा कॅम्प जमेस धरला जातो. हजेरीची ७५ टक्क्यांची अट असतेच, तिला पर्याय नाही.

सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर एनसीसी स्पेशल एंट्री आहे. पदवीला किमान ५० टक्के, ‘सी’ला निदान ‘बी’ ग्रेड, आणि लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीची मुलाखत. तिथे पाच दिवस तेच असतं: चित्रं, शब्द, फळी आणि दोर. लीडरशिप कॅम्प केलेल्या पोराला पहिल्या दिवशी बिचकायला होत नाही. आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं: नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या मुलांची तिथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतात आणि ‘सी’ प्रमाणपत्रधारकांना तिथे संधी असते. पुण्याच्या महागड्या क्लासची चौकशी करण्याआधी तिथली करा.

सर, तुम्हालाही असं ट्रेनिंग असतं का?

असतं की. कॉलेजचा मास्तर एएनओ होण्याआधी कामठीच्या अकादमीत जाऊन येतो. ती १९५७ साली पुरंदरला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूरजवळ कामठीला गेली. तिथे मीही फ्रंट रोल मारलेत, तिशी उलटल्यावर. यापलीकडे विचारू नका.

परत आल्यावर प्रमाणपत्र कधी मिळतं?

युनिटमध्ये येतं, मग माझ्याकडे. हातात पडल्यावर नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हे सगळं दहावीच्या मार्कशीटशी जुळायला हवं. चूक असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या, दोन वर्षांनी भरतीच्या रांगेतून मला फोन करू नका. आणि कॅम्पला नेलेला दोर, होकायंत्र, पिट्ठू (पाठीवरची पिशवी) सोमवारी स्टोअरमध्ये जमा. सही घ्यायला विसरू नका, स्टोअरकीपर विसरत नाही.